ब तुकडीची आई

“काल इंग्रजीचं कुठलं पान झालं गं?” ग्लोरियाने विचारलं आणि पर्समधून वही काढली.

“एकोनिसावं. तीनदा लिवायला सांगितलंय,” पंकजा म्हणाली.

“आमची लिझा डायरी लिहूनच आणत नाही. वेंधळी नुसती!” ग्लोरियाने पान नंबर टिपून घेतला. हे रोजचंच होतं.

नगरच्या केडगाव भागातल्या त्या इंग्रजी शाळेसमोर लिंबाखाली सकाळी आयांची बैठक भरायची. पोरांना आत सोडायचं, दहा मिनिटं गप्पा हाणायच्या आणि स्कूटीला किक मारायची. पंकजाला मात्र हलता येत नसे. तिचा नवरा गोरक्षनाथ पहाटे तिसगावातून भाजीचा टेम्पो घेऊन नगरला यायचा, मायलेकींना इथे उतरवायचा आणि दुपारी परत न्यायचा.

हे कोणाला सांगायची सोय नव्हती. दिशाला पहिलीत मोफत जागा मिळाली होती, आणि ती जागा शाळेजवळ राहणाऱ्या गरिबांसाठी राखीव होती. कागदावर पंकजा केडगावातल्या एका खोलीत भाड्याने राहत होती. ती खोली तिने आतून बघितलीसुद्धा नव्हती. सोडतीच्या यादीत दिशाचं नाव अगदी शेवटचं होतं. त्याच्याखाली प्रतीक्षा यादी सुरू व्हायची. पोरगी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला लागली तेव्हा गोरक्षनाथने अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते.

बाकीच्या आया पंकजाच्या बोलण्यावर तोंड फिरवून हसायच्या. ग्लोरिया तेवढी शेजारी येऊन बसली. तिचं घर शाळेमागच्या बोळातच होतं. लिझा पहिलीतच, पण ब तुकडीत. ब तुकडी मागच्या फाटकातून सुटायची, त्यामुळे घंटेच्या आधी पाच मिनिटं ग्लोरिया लगबगीने तिकडे निघायची. पंकजाला एवढ्या मोठ्या शहरात एक मैत्रीण मिळाली होती, आणि त्याचं तिला फार अप्रूप होतं.

एक दिवस ग्लोरियाने गरम पोह्यांचा डबा आणला. “तू घरी का जात नाहीस गं? तुझी खोली तर जवळच आहे ना?”

पंकजाने हातातला घास परत डब्यात ठेवला. मग तिने सगळंच सांगून टाकलं. तिसगाव, टेम्पो, भाडेकरार. सांगून झाल्यावर तिला कधी नव्हे इतकं हलकं वाटलं.

“कुनाला बोलू नका हं, ग्लोरियाताई. लेकरासाठी केलंय.”

ग्लोरियाने तिचा हात घट्ट धरला. “मी पण आईच आहे गं. मुलीसाठी आई काय काय करते, मला कळत नाही का?”

पंधरा दिवसांनी शाळेतून बोलावणं आलं. शिक्षण विभागाकडे निनावी अर्ज गेला होता. त्यात गावाचं नाव होतं, टेम्पोचा नंबर होता. माणसं तिसगावात जाऊन चौकशी करूनही आली होती. दिशाचा प्रवेश रद्द झाला. “दाखला सोमवारी घेऊन जा,” क्लार्कने वर न बघताच सांगितलं.

पंकजाचा संशय सरळ लंकाबाईवर गेला. फाटक उघडणारी ही मावशी टेम्पो रोज बघायची, आणि टेम्पोच्या पाठीवर ठळक अक्षरात ‘तिसगाव’ रंगवलेलं होतं. पंकजाने तिला चारचौघांत वाट्टेल ते सुनावलं.

“देवाशपथ, म्या न्हाई गं बाई,” लंकाबाई रडकुंडीला आली. “तुझ्या लेकराचं वाटोळं करून मला काय मिळायचंय?”

लिंबाखाली येऊन पंकजा ढसाढसा रडली. ग्लोरिया बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “दिशाचे गणवेश आता काय करणार? लिझाला होतील बघ.”

एवढी माया लावलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? शनिवारी पंकजाने दोन्ही गणवेश इस्त्री करून आणून दिले. एका स्कर्टची उसवलेली घडी तिने निळा दोरा नव्हता म्हणून हिरव्या दोऱ्याने शिवली होती. “तेवढं चालवून घ्या,” ती ओशाळून म्हणाली.

सोमवारी ती दाखला घ्यायला आली. लंकाबाईची माफी मागावी का, हेच डोक्यात घोळत होतं. फाटकाशी ग्लोरिया दिसली. मागच्या नव्हे, पुढच्याच फाटकाशी. तिच्या हाताला धरून एक मुलगी उभी होती. पाठीला कोरं दप्तर. स्कर्टच्या घडीला हिरवा दोरा.

पंकजाने हाक मारली. ग्लोरियाने मान वर केली नाही.

लंकाबाईने फाटक उघडलं आणि मुलीसमोर वाकली. “दिशाच्या जागी आलेली लिझा तूच व्हय गं?”

“हो,” मुलगी हसली. “आज माझा पहिलाच दिवस. पण मला सगळे धडे येतात!”