रावजीने वाचवलेला माणूस

बिल्किसने नवऱ्याचा पाय उचलून मांडीवर घेतला, तळव्याला तेल लावलं आणि चोळता चोळताच म्हणाली, “बसा हो, रावजीभाऊ. असे दारात काय उभे? तुमचंच घर आहे.”

रावजी खाटेशेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसला. त्याची बायको यमुनाबाई घरी कांडलेल्या पोह्यांची पिशवी घेऊन आत फुजैलच्या आईकडे गेली. खाटेवर फुजैल उशांना टेकून बसला होता. वैशाखात गाडीतून ओढून काढलेला तो दांडगा खलाशी आणि हा माणूस एकच, हे रावजीला पटेना. छाती-दंड अजून भरलेले होते, पण पाय पार वाळून गेले होते. बिल्किसने सोडला की पाय पडेल तसा पडून राहत होता.

त्या अपघाताने रावजीला मोठं केलं होतं. जयगडच्या रस्त्यावरच्या वळणाला, त्याच्या बागेच्या दगडी गडग्याला लागूनच फुजैलची मारुती आंब्यावर आदळली. रावजी पहिला धावला. दार चेपलं होतं. वेल्डर भागोजीला आणायला माणूस गेला होता, तोवर हात लावू नका असं दोघंतिघं सांगत होते. रावजी थांबला नाही. त्याने उरलेली काच फोडली, फुजैलच्या काखेत हात घातले आणि सगळं बळ लावून त्याला खिडकीतून ओढून काढलं. मग खांद्यावर टाकून टेम्पोपर्यंत पळाला. ग्रामपंचायतीने शाल दिली, नारळ दिला. तेव्हापासून टपरीवर, लग्नात, अगदी बाराव्यालासुद्धा कुणी विचारायचा अवकाश, रावजी सुरू व्हायचा. सांगून सांगून गोष्टीला रंगही चांगला चढला होता. आंब्यावरचं तांबड्या मुंगळ्यांचं घरटं फुटून गाडीत पडलं होतं. तो भाग आला की ऐकणारे हटकून हसायचे.

आज मात्र त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. फुजैलला वळणापुढचं काहीच आठवत नव्हतं. ज्याने आपल्याला काढलं त्याच्याच तोंडून सगळं ऐकायचं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

“मुंबईचे डॉक्टर एकच विचारत होते,” बिल्किस खाली बघत म्हणाली. “गाडीत अडकलेले असताना यांचे पाय हलत होते काय? हलत असले तर मणका धडकेत नाही तुटला, ओढताना तुटला. अशा माणसाला ओढायचं नसतं म्हणे. फळीवर सरळ घ्यायचं असतं.” तिने दुसरा पाय मांडीवर घेतला. “मी सांगितलं, पाय धडकेतच गेले असणार. भाऊंनी तर जीव वाचवला.”

रावजीला मुंगळे आठवले. इतके महिने ज्या भागावर त्याने माणसं हसवली होती, तोच भाग आता त्याला नकोसा झाला. आपण याला वाचवलं नाही, असं त्याला वाटलं, आणि तो विचार त्याने घाईघाईने मागे ढकलला. घरी पेटीत ठेवलेली शाल उगीचच डोळ्यांपुढे आली.

“मला एवढंच कळू दे,” फुजैल म्हणाला. “धडकेत गेले ना, मग कुणाची चूक नाही. मग मी गप पडेन. जहाज गेलं, नोकरी गेली, तेपण सोसेन.”

रावजीने सांगायला सुरुवात केली. आवाज ऐकून यमुनाबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि चटईवर ऐसपैस बसली. ही गोष्ट तिला पाठ होती, तरी दर वेळी ती कौतुकाने ऐकायची. रावजी गाडी आदळल्याचं बोलला, काचेचं बोलला, टेम्पोचं बोलला. रंग नाही, हातवारे नाहीत. मुंगळे तर त्याने वाटेत कुठे भेटलेच नाहीत असे टाळले. एरवी चहाचे दोन कप संपेपर्यंत चालणारी गोष्ट बिल्किसची तेलाची बाटली बंद व्हायच्या आत संपली.

“म्हणजे मी तसाच पडून होतो,” फुजैल म्हणाला.

रावजीने मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

फुजैलने डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला. बिल्किसने पदराने डोळे टिपले आणि चहा टाकते म्हणून उठायला लागली. रावजीला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटली. आता चहा घ्यायचा, दुपारची एसटी पकडायची आणि पुन्हा या घराची पायरी चढायची नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

पण यमुनाबाईला ते काही रुचलं नाही. एवढ्या लांबून यायचं, आणि ज्याची गोष्ट त्यालाच अशी अळणी सांगायची! तिने नवऱ्याच्या गुडघ्याला हळूच ढोसलं आणि आधीच हसत म्हणाली, “अवो, मुंगळ्यांचा ऱ्हायला ना. कसे चावत होते, नि गाडीत फुजैलभाऊ कसे वरडत दोन्ही पाय झाडीत होते, ता सांगा.”

फुजैलने डोळे उघडले. त्याने आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग रावजीकडे.

“दोन्ही?” त्याने विचारलं.