भुवईला काय म्हणतात?

गिरणीचं काम शिकायला जपानला गेलेला सिंधूचा नवरा, कमलाकांत, १९५९च्या वादळात नागोयात बेपत्ता झाला. तेव्हापासून सिंधू अकोल्यातल्या गोवर्धनकाकांकडे जपानी शब्द शिकू लागली. दुसऱ्या महायुद्धात काका तीन वर्षं जपान्यांच्या कैदेत होते. डोळा म्हणजे मे, नाक म्हणजे हाना, कान म्हणजे मिमी.

"भुवईले काय म्हनतात, काका? यांच्या डाव्या भुवईत खोक हाये. तिथल्या साऱ्या दवाखान्यांले कळवायचं हाये."

काकांनी हळूच तिची वही मिटली. "पोरी, प्रेत सापडल्याची सरकारी तार आली ना तुले?"

"आली. चेहरा ओळखू येत नाही, असं लिवलं हाये तिच्यात." सिंधूनं वही पुन्हा उघडली. "मंग थे प्रेत यांचंच हाये, हे त्यांनी कशावरून ओळखलं?"