जिनूने स्वतः ठरवलं

जिनेशने तिसरा शर्ट अंगात घातला आणि दोन मिनिटांत तोही काढून पलंगावर फेकला.

"भाऊ, काय करी ऱ्हायना तू?" दारातून फुलवंताबाईने विचारलं. पंधरा वर्षं ती या घरात धुणंभांडी करत होती. "कोठे जावानं शे का?"

"नंदुरबारला."

"मम्मीले इचारं का?"

जिनेशने चौथा शर्ट उचलला. वय वर्षं एकोणतीस, तळोद्याच्या बाजारपेठेत वडिलांचं कापडाचं भरलेलं दुकान, आणि शर्ट कुठला घालायचा हे आजवर मम्मीने सांगितलेलं. आज मम्मीला विचारायचं नव्हतं, म्हणून तर सगळा घोळ.

कंचनबाईंनी या एकुलत्या एका मुलाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. गल्लीत खेळायला सोडलं नाही, शाळेच्या सहलीला पाठवलं नाही. पण "नाही" असं कधी म्हणाल्या नाहीत हं! खरी मेख तिथेच होती. "जा ना बेटा. मी कुठे अडवते? तूच ठरव," असं म्हणायच्या, आणि हातातला घास तसाच ठेवून खिडकीशी जाऊन बसायच्या. दहा मिनिटांत जिनू चप्पल काढून परत आत. "त्यालाच आवडत नाही," असं मग शेजारणीला सांगायच्या. क्रिकेट त्याला आवडत नाही, पुण्याचं कॉलेज त्याला आवडत नाही, तिखट तर अजिबातच नाही. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं. तुला काय आवडतं, असं कुणी विचारलं की त्याची नजर आपोआप मम्मीला शोधायची.

आता असा मुलगा लग्नाच्या बाजारात खपावा कसा? अकरा मुली पाहून झाल्या. मुलामुलीला दहा मिनिटं एकटं बोलायला देतात, तर त्या दहा मिनिटांत हा पठ्ठ्या दोनदा बाहेर येऊन मम्मीला विचारून गेला. अकराव्या मुलीने तोंडावर सांगितलं, "मला नवरा हवाय, निरोप्या नको." त्या दिवशी कंचनबाई खऱ्याखुऱ्या जेवल्या नाहीत.

आणि मग जिनल भेटली.

नंदुरबारहून दुकानाचा माल घेऊन येताना, एसटीत. दोघं एकाच सीटपाशी उभे. "खिडकी तुम्हाला हवी की मला?" तिने विचारलं. जिनेशने इकडेतिकडे पाहिलं. मम्मी नव्हती. "मला," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. ती खळखळून हसली. आपल्या बोलण्यावर कुणी असं खुशीने हसतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तीन महिने चोरून फोन झाले, चार भेटी झाल्या. जिनल आपल्याच समाजाची, नंदुरबारच्या किराणा व्यापाऱ्याची मुलगी, शिकलेली. मम्मी खूश होईल असंच त्याला वाटलं. पण कंचनबाई आयुष्यात पहिल्यांदा सरळ "नाही" म्हणाल्या.

"का पण?"

"मला पसंत नाही. संपलं."

"तुझी मम्मी म्हणतेय तर असेल काहीतरी," वडील कांतीलाल पुटपुटले आणि पेपरात तोंड खुपसून बसले.

जिनेशच्या जिवाची नुसती घालमेल झाली. दुकानात कापड मोजताना मीटर चुकायला लागले. "तूच ठरव"पुढे तो कायम हरत आला होता. "नाही"शी मात्र भांडता येतं, हे त्याला आता कळत होतं. तो भांडायला लागला. आधी चाचरत, मग आवाज चढवून. कंचनबाई जागच्या हलल्या नाहीत.

काल संवत्सरी होती, जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस. घरादाराचा उपवास. संध्याकाळी प्रतिक्रमणाची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांपुढे हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत वर्षभराच्या चुकांची माफी मागितली. मम्मीनेही मागितली. जिनलचं नाव काढल्यावर पुन्हा तेच, नाही म्हणजे नाही!

शेवटी हाताला लागला तो शर्ट घालून जिनेश स्वयंपाकघरात आला. कंचनबाई कालच्या उपवासाच्या पारण्यासाठी मुगाचं पाणी गाळत होत्या.

"मम्मी, मी जिनलकडे चाललोय. लग्नाचं नक्की करायला."

"आधी पारणं कर."

"नाही करत."

कंचनबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "या घरात एक तर ती येईल, नाहीतर मी राहीन. बोल, कोण?"

"ती," तो म्हणाला आणि वळला.

जिन्यात तो क्षणभर थांबला. मागून हाक येणार, नक्की येणार. हाक आली नाही.

एसटीने तापीचा पूल ओलांडला तेव्हा त्याला रडू आवरेना, आणि हसूही. पोटात कावळे ओरडत होते. आईला असं टाकून आलो म्हणून जीव तुटत होता, पण त्याच जिवाला वाटत होतं, या जन्मात एक गोष्ट तरी माझी आहे. माझी मी निवडलेली. त्याला बसवेना, उरलेली वाट त्याने दांडा धरून उभ्यानेच काढली.

जिनल दारातच होती. तिने हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्."

"मिच्छामि दुक्कडम्," तो घाईने म्हणाला. "जिनल, आलो बघ! सगळं सोडून आलो. कुणाला न विचारता!"

तिचा चेहरा उतरला. "असं तोंडदेखलं नाही हो. मला खरीच माफी मागायचीय. काल प्रतिक्रमणाला बसले, पण मन कशात लागेना."

"का? झालं काय?"

"त्या दिवशी एसटीत मला तुमच्या मम्मींनीच बसवलं होतं," खाली बघत ती म्हणाली. "म्हणाल्या, 'मी नाही नाही म्हणत राहीन, तू धीर सोडू नकोस. एकदा माझ्याशी भांडून घराबाहेर पडला, की मगच तो संसाराला लायक होईल.' आता आत या बघू. मघाशीच त्यांचा फोन येऊन गेला, उपाशी निघालाय, आधी त्याला पारणं करायला लाव म्हणून."