माधव विजयकर यांनी ऐकलेली आवृत्ती

"खरं सांगायचं हं, सर. वाईट झालं असेल तर सरळ वाईट म्हणा," इरावती म्हणाली आणि तिने पहिलं गाणं लावलं.

माधव विजयकरने मान हलवली. तिचं बोलणं त्याने ओठांवरून वाचलं होतं. परळच्या त्या स्टुडिओत सोफा स्पीकरांच्या बरोबर समोर होता आणि बूट सगळ्यांनीच दाराशी काढले होते. ड्रम सुरू झाले तसे लाकडी जमिनीतून ते तळपायाला कळले. तेवढं पुरे होतं. पुढचं सगळं त्याला पाठ होतं. त्याच्या 'पॅराफिन' बँडची ही रेकॉर्ड, 'नो वॉटर टिल फाइव्ह'. पन्नास वर्षांपूर्वी गिरगावातल्या चाळीत, नळाच्या वेळेवरून थट्टेने ठेवलेलं नाव. आता तिची डिलक्स एडिशन निघत होती. जाड पेटी, सोनेरी अक्षरं, फोटोंचं पुस्तक आणि मूळ टेपवरून नव्याने साफ केलेली गाणी. साफ केली होती इरावतीने. बँडातला आता एकटा माधवच उरला होता, म्हणून त्याचं मत हवं होतं.

माधवचे कान दोन वर्षांपूर्वीच गेले होते. हे ठाऊक होतं फक्त नलूला, त्याच्या बायकोला. ती मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

जमीन शांत झाली. म्हणजे गाणं संपलं.

"सगळा गाळ निघालाय," माधव म्हणाला. दुसऱ्या गाण्यानंतर त्याने जरा विचार केल्यासारखं केलं. "बेस किंचित पुढे आलाय. पण असू दे. बरा वाटतो."

इरावतीचा चेहरा उजळला. खुर्ची त्याच्याकडे वळवून ती म्हणाली, "आता तिसरं. यातली गिटार मी फार घासून काढलीय की काय, अशी धास्ती आहे मला. तुमच्याशिवाय कोणाला विचारणार?"

तिसऱ्यात ड्रम नव्हते. नुसती गिटार, त्याची. तळपायाला काहीच कळेना. माधवने डोळे मिटले. अशा वेळी लोक मिटतातच. बोटं गुडघ्यावर फिरू लागली, आणि मग त्याचं सोंग सोंग राहिलं नाही. डोक्यात सगळं वाजायला लागलं, प्रत्येक तार, त्या दिवशी वाजली होती तशी. मध्येच खांद्यावर हात पडला. नलूचा. तिलाही भरून आलं असावं. शेवटचा सूर त्याने सावकाश विरू दिला आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "अप्रतिम. पोरी, मी वाजवली तेव्हासुद्धा ही गिटार अशी वाजली नव्हती."

मग डोळे उघडले.

समोर टीपॉयवर चहा होता. चहावर साय धरली होती. रेकॉर्ड कंपनीचा सौमित्र रिकामा ट्रे छातीशी धरून उभा होता. स्क्रीनवरची हिरवी रेघ आडवी पडली होती, हलत नव्हती.

"चहा आला म्हणून मी थांबवलं होतं, सर," इरावती म्हणाली. आता ती एकेक शब्द सुटा करून, ओठ मोठे हलवत बोलत होती. "सुरुवातीलाच."

"ते मी आपलं... मनातल्या मनात..."

"मग आधीची दोन?"

हेही त्याला स्वच्छ वाचता आलं. नसतं आलं तर बरं झालं असतं.

माधवने वळून नलूकडे पाहिलं. "दोन वर्षं झाली," तिने सांगून टाकलं. "मी म्हटलं होतं यांना, नको जाऊ या."

"तू गप्प बस!"

आवाज केवढा निघाला ते त्याला कळलं नाही. सौमित्र दचकला, तेव्हा कळलं. नलूने खांद्यावरचा हात काढून घेतला.

इरावती स्क्रीनकडे तोंड करून बसली. तिची नुसती पाठ दिसत होती, आणि पाठीवरून काही वाचता येत नव्हतं.

"माझं नाव काढा," माधव म्हणाला. "पेटीवर लिहिणार होतात ना, मी ऐकलं म्हणून. ते काढा."

सौमित्र त्याच्या शेजारी येऊन बसला. बॅगेतून एक गोल स्टिकर काढून त्याने माधवपुढे धरला. 'माधव विजयकर यांनी स्वतः ऐकून मान्य केलेली आवृत्ती.'

"पेट्यांवर लागलेत पण, सर," तो त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला. "केव्हाच. तुम्ही काय नाही थोडंच म्हणणार होतात? आज फक्त पुस्तकासाठी एक फोटो हवा होता."

इरावती गर्रकन वळली. "मग मी विचारत होते ते कशाला?"

सौमित्रने काहीतरी उत्तर दिलं. ते माधवला दिसलं नाही. इरावती उठली, दाराशी बूट हातात घेतले आणि तशीच अनवाणी बाहेर गेली.

सौमित्रने टेबलावरचा मोठा हेडफोन उचलून माधवच्या डोक्यावर बसवला, केस नीट केले, मोबाइल घेऊन चार पावलं मागे गेला.

"डोळे मिटा, सर. मघासारखे."

माधवने नलूकडे पाहिलं. ती उघड्या दाराकडे बघत होती.

हेडफोनची वायर त्याच्या मांडीवरून खाली लोंबत होती. तिची पिन कशातच खोचलेली नव्हती. सौमित्रच्या ते लक्षात आलं नव्हतं. माधवने ती वायर गोळा केली, फोटोत येऊ नये अशी उशीमागे सारली आणि डोळे मिटले.