थोरल्या सुनेची चौकशी

बीदरच्या एका दुकानात बाणूबाईंनी दोन डिस्क प्लेअर भोपळा पारखावा तसे उचलून पाहिले.

"अक्का, ही घ्या," दुकानदार प्रभुलिंगनं चकचकीत मशीन पुढं सरकवली. "दिवे बघा किती!"

दुसरी मशीन साधी, काळी. किंमत सारखीच.

"दिवे नको, अण्णा." बाणूबाईंच्या सुनेनं, प्रतीक्षानं, लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "घरची बी दिव्यांचीच हाय. ही डिस्क घातली की नुसती घरघरायलीय. कंपनीनं अपडेट पाठवायचं कवाच सोडलं."

सोबत आणलेल्या डिस्कमध्ये सासूबाईंनी गायलेले पाळणे होते. प्रतीक्षानं लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून हट्टानं भरून घेतलेले. सोमवारी बाणूबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहीलच, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. आणि नातीला तर त्या गळ्यावर तळवा ठेवल्याशिवाय झोप येत नसे.

"मोबाइलात भरा की," प्रभुलिंग म्हणाला.

"भरलंय. पण मागचा मोबाइल हौदात पडला, तवा हिचं पयलं हसणं बी गेलं त्यात."

"अपडेट म्हंजी काय गं?" बाणूबाईंनी बसक्या आवाजात विचारलं.

"मशीन विकली तरी कंपनी लांबूनच तिला नवंनवं शिकवत ऱ्हाती, आत्या. काही कंपन्या शिकवत्यात, काही विसरत्यात."

बाणूबाई प्रभुलिंगकडं वळल्या. "लेक द्यायच्या आधी त्या घरची थोरली सून बघावी. नव्या नवरीसंगं समदेच गोड बोलत्यात. ह्यांच्या थोरल्या कशा हायत, ते सांग."

प्रभुलिंग हसला. प्रतीक्षा हसली नाही. तिनं मोबाइल काढला आणि दोन्ही कंपन्यांची जुनी मॉडेलं शोधत बसली. दिव्यांच्या कंपनीनं आपल्या जुन्या मशीनकडं वर्षभरातच पाठ फिरवली होती. साध्या कंपनीची जुनी मशीन विकायची बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी तिला मागच्याच महिन्यात नवं अपडेट आलं होतं.

"आत्या, ह्या काळीच्या घरची थोरली सुखात हाय."

"मग हितंच द्यायची." बाणूबाईंनी नातीकडं पाहिलं. "पोरगी कळती होईस्तोवर विचारपूस करतील न्हवं?"

"पुढचं मी कसं सांगू, अक्का?" प्रभुलिंग म्हणाला. "आजवर तरी सोडली न्हाई त्यांनी."

त्यानं काळी मशीन दुकानातल्या टीव्हीला जोडून डिस्क लावली. पाळणा सुरू झाला. आवाज मोकळा, बसायच्या आधीचा.

लेक दचकली. तिनं टीव्हीकडं पाहिलं, मग आजीकडं, आणि दोन्ही हात पसरून आजीकडं झेपावली. बाणूबाईंनी तिला उराशी घेतलं. पोरीनं सवयीनं तळवा त्यांच्या गळ्यावर टेकवला आणि वाट बघत राहिली.

डॉक्टरांनी गळ्याला ताण देऊ नका म्हणून सांगितलं होतं. तरी बाणूबाई स्वतःच्याच आवाजामागून हळूहळू गुणगुणू लागल्या. पोरीच्या पापण्या जड झाल्या.

प्रभुलिंगनं खोकं उघडलं. "बांधू का?"

"पाळणा होऊ द्या की, अण्णा," प्रतीक्षा म्हणाली.