पांढऱ्या डोळ्यांचं बदक

"ते बघा. काळं, गोल. बदकांच्या मधोमध," हर्षा म्हणाली. दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाली, म्हणजे शंकेला जागाच नको.

कुहीजवळच्या उथळ तलावाच्या पाळीवर नागपूरहून आलेले, हर्षासकट बारा पक्षीमित्र रांगेत उभे होते. काल तिनेच कळवलं होतं : पांढऱ्या डोळ्यांचं बदक दिसलं, जिल्ह्यात पहिल्यांदाच. आठ वाजता रविंद्रसर येणार होते. सरांनी स्वतः पाहिल्याशिवाय जिल्ह्याच्या पक्षीयादीत चिमणीसुद्धा शिरत नसे.

"बुडी मारत नाहीये," अदिती म्हणाली.

"पोट भरलं असेल."

"मानही दिसत नाही."

"झोपलंय."

शेजारी शिंगाडे सोलत बसलेल्या कौशल्याबाईंनी कपाळावर हात धरून पाहिलं. "तो आमचा बुढा हाय."

बारा दुर्बिणी खाली आल्या.

तलावातलं ते काळं, गोल मडकं वर उठलं. त्याखालून कौशल्याबाईंचे देवराव उठले, छातीभर पाण्यात. बदकं उडाली नाहीत. बारा जण एकदम "अरे!" म्हणाले, तेव्हा उडाली.

"काहून बोंबलून राहिले बाप्पा? पांढऱ्या डोळ्याचं होतं ना इथंच. माह्या कानापाशी."

पूर्वी असंच डोक्यावर मडकं घालून ते पाण्याखालून पाय धरून बदकं पकडायचे. "आता मनाई हाय. नुसता बसतो. घरापेक्षा बरं."

"मंग जेवाले बी तिथंच बसा," कौशल्याबाई म्हणाल्या.

"परत येतील?" हर्षाने विचारलं.

"चूप राहाल तं अर्ध्या घंट्यात."

साडेसात वाजले होते. हर्षाने बूट काढले. "अजून एक मडकं आहे?"

"हाय. पन दह्याचं हाय," कौशल्याबाई म्हणाल्या.

देवरावांनी खिळ्याने त्याला दोन भोकं पाडली.

आठ वाजता हर्षा गळ्याइतक्या गार पाण्यात बसली होती. नाकात आंबट वास, डोळ्यांपुढे दोन भोकं, बाजूला आपल्या मडक्याखाली देवराव. बदकं उतरली. मग पाळीवरून रविंद्रसरांचा जड आवाज पाण्यावरून सरळ मडक्यात आला.

"दोन आहेत. जोडी. लिहा."

उरलेल्या अकरांपैकी कोणालाच सरांना दुरुस्त करायची सवय नव्हती.

"त्यातलं एक नवीन हाय," कौशल्याबाई तेवढ्या म्हणाल्या.

हर्षा हलली नाही. वीतभर अंतरावरून पांढऱ्या डोळ्यांचं बदक तिच्याकडे पाहत होतं. तिला नीट पाहून झाल्यावर त्याने मान पंखात खुपसली आणि ते झोपलं.