टॉवेलाखालचा लॅपटॉप

"पाव्हणं, म्हशीकडं ध्यान ठेवा. गिऱ्हाईक आलं तर मला हाळी द्या," असं सांगून नाथाजी चहाच्या गाड्याकडे गेले आणि वडूजच्या जनावरांच्या बाजारात वीरधवल एका म्हशीशेजारी एकटा उरला.

नाव वीरधवल, पण सगळा पराक्रम नावातच संपलेला. हाक मारून चहा मागवायलासुद्धा तो लाजायचा. सांगलीहून पहाटेची एसटी पकडून तो आला, तो काही म्हैस राखायला नव्हे. नाथाजींच्या राजनंदिनीनं त्याला पसंत केलं होतं. त्यानं तर तिला चहाचा कप हातात येण्याआधीच पसंत केलं होतं. घोडं अडलं होतं ते नाथाजींपाशी. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. मुलगा काय करतो, असं त्यांनी विचारलं तेव्हा वीरधवल म्हणाला होता, कंपनीत कंप्युटरवर काम करतो.

"म्हंजी बसून नुसती बोटं हलवायची," नाथाजी म्हणाले होते, आणि होकार-नकार बाजाराच्या दिवसावर ढकलला होता.

आज त्यांनी अजून विषयच काढला नव्हता. ही म्हैस तिसऱ्यांदा बाजारात आणलीय आणि व्यापारी लय चिकट आहेत, एवढंच ते वाटभर बोलले.

वीरधवलच्या मांडीवर काळी बॅग होती आणि बॅगेत कंपनीचा लॅपटॉप. आख्ख्या ऑफिसात तेवढा एकच. घरी आणला त्या दिवशी आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. उद्या सकाळी पुण्याच्या साहेबांना अहवाल द्यायचा होता आणि तो निम्मा बाकी होता. एसटीत बॅग उघडायचा धीर झाला नाही. छातीशी कवटाळलेली बॅग बघून शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या, "डबा खा की लेकरा, आमी काय मागत न्हाई."

इथे मात्र त्यानं मन घट्ट केलं आणि लॅपटॉप उघडला.

झालं! म्हशी बघायला आलेली निम्मी माणसं त्याच्याभोवती. एकानं विचारलं, ह्यात मॅच दिसते का? दुसऱ्यानं किंमत विचारली, आणि वीरधवलनं ती सांगायच्या आत तिसऱ्यानंच, ह्यात जुना ट्रॅक्टर येईल, असं जाहीर करून टाकलं. वीरधवलचे कान लाल झाले. त्यानं झाकण मिटलं. इतक्यात पलीकडे एक खोंड सुटलं म्हणून गर्दी तिकडे धावली.

आता काय करावं? त्यानं इकडेतिकडे पाहिलं. लिंबाच्या सावलीत जागोजागी माणसं दोघं-दोघं समोरासमोर बसली होती, हातांवर टॉवेल टाकून, अगदी गप्प. इथे माश्या फार असाव्यात. नाथाजींचा टॉवेल खुंट्यावर होताच. त्यानं लॅपटॉप पुन्हा उघडला आणि टॉवेल त्यावर आणि स्वतःच्या हातांवर पसरला. टायपिंगच्या परीक्षेत तो सांगलीत पहिला आला होता, न बघता लिहायचं म्हणजे हातचा मळ. टॉवेलाखाली बोटं पळू लागली. कुणी ढुंकूनही बघेना. त्याला इतकं मोकळं वाटलं की तो गुणगुणायला लागला.

एवढ्यात तांबड्या पटक्याचा एक माणूस आला. म्हशीच्या पाठीवर थाप मारून तो वीरधवलच्या समोर येऊन बसला आणि एक अक्षर न बोलता त्यानं हात टॉवेलाखाली घातला.

घ्या. आणखी एक हौशी. वीरधवलला नको म्हणवेना.

"खाली फळी हाय व्हय?" त्या माणसानं हळूच विचारलं.

"फळीच म्हणा," वीरधवल पुटपुटला. पुन्हा गर्दी नको होती.

त्या माणसानं तीन बोटं पुढे केली. बिचारा घाबरतोय, असं वाटून वीरधवलनं त्याची पाचही बोटं धरून नीट ओळीनं टेकवली. त्या माणसानं दोन मागे घेतली. वीरधवलनं पुन्हा टेकवली. मग चार राहिली. करंगळी काही केल्या खाली येईना.

"पाची ठेवायची," वीरधवल हसून म्हणाला. "माझ्या सरांनी मला असंच शिकवलंय. एकसुद्धा कमी चालत नाही."

"लय कडक सर हुतं वो तुमचं," तो कपाळ पुसत म्हणाला. त्यानं म्हशीकडे पाहिलं, वीरधवलकडे पाहिलं, करंगळी टेकवली आणि उठून गेला.

वीरधवलला बरं वाटलं. गावाकडच्या माणसाला आपण पहिला धडा दिला. मग लिहिलेलं तपासायला त्यानं टॉवेलाखाली डोकंच घातलं, जुन्या फोटोग्राफरसारखं, आणि अहवालात बुडून गेला.

डोकं बाहेर काढलं तेव्हा खुंट्याला म्हैस नव्हती.

लॅपटॉप तसाच काखेत मारून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. बाजारात सगळ्या म्हशी काळ्या! राजनंदिनी डोळ्यांपुढे आली, तीही पाठमोरी. आता चोरून जायचं, की सांगून? उभ्या जन्मात पहिल्यांदा तो लाजायचं विसरला. उघडा लॅपटॉप घेऊन भरबाजारातून तडक नाथाजींपुढे जाऊन उभा राहिला.

"मामा, म्हैस गेली. मी ह्याच्यात बोटं हलवत बसलो होतो. चूक माझी आहे. पण राजनंदिनीला नाही म्हणू नका."

नाथाजींनी कप खाली ठेवला. त्यांच्या शेजारी तांबड्या पटक्याचा तो माणूस चहा पीत होता, आणि त्याच्या मागे म्हैस निवांत रवंथ करत होती.

"ह्यो धुळा व्यापारी," नाथाजी म्हणाले. "तीन बाजार झालं, टॉवेलाखाली भाव तीन बोटांच्या वर सरकवत नव्हता." मग त्यांनी लिंबाखाली टॉवेल टाकून बसलेल्या एका जोडीकडे मान उडवली आणि मिशीत हसले. "मला जमलं न्हाई, आन तुमी टॉवेलाखाली नुसती बोटं हलवून पाचाला म्हस इकली की वो, जावईबापू."